गाडी बुटकी करायची म्हणजे

हागेन, जर्मनी
रविवार

तीर्थरूप बाबांस,

सूनबाईचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लोक गाडी उंच करून घेतात, तुम्ही बुटकी कशाला करताय?" प्रश्न रास्त होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी फोन घेतला आणि विषय मेतकुटावर गेला. शिवाय तुमचे चिरंजीव शेजारीच बसले होते, त्यांच्यादेखत खरं उत्तर देता येत नव्हतं. आज ते तुमच्या नातीला पोहायला घेऊन गेलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

रोगाची लक्षणं आधी सांगते. गाडी धुऊन झाली की हे चार पावलं मागे जातात, मान तिरकी करतात, मग पुढे येऊन चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालतात आणि सुस्कारा सोडतात. "बघ, चार बोटं आरामात जातात." जाईनात! आपल्याला त्या फटीत काही ठेवायचं आहे का? पण नाही. फट दिसली की यांना गाडी पायजमा आखूड झालेल्या मुलासारखी दिसते. रस्त्यात दुसऱ्याची बुटकी गाडी उभी असली की बोलणं अर्धवट सोडून तिच्याकडे बघतात. मी इतकी वर्षं संसार केला, माझ्याकडे असं बघितल्याचं आठवत नाही.

त्यात आपण राहतो कुठे, तर स्प्रिंगांच्या माहेरी. इथून लेने नदीच्या कडेनं वर जात राहिलं की आधी आल्टेना लागतं. तिथे शतकानुशतकं लोखंडाची तार ओढायचा धंदा चालत आला आहे, तारेचं संग्रहालयही आहे. (यांनी आम्हाला ते दाखवलं. लग्नाच्या वाढदिवशी.) आणखी वर फिनेनट्रोप, तिथे १९५१ पासूनची आयबाख. लागूनच लेनेश्टाट, तिथे एच अँड आर. दोन्ही कंपन्या गाडी खाली घ्यायच्या स्प्रिंगा बनवतात. आणि घराच्या दुसऱ्या अंगाला एनेपेटाल, तिथली बिल्स्टाइन १८७३ मध्ये खिडक्यांच्या कड्या-बिजागऱ्यांवर सुरू झाली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजला एका नळीचे गॅसचे शॉकअप देऊ लागली. पंढरपुरात राहून माळ न घालणं जेवढं अवघड, तेवढं इथे राहून कंपनीच्या स्प्रिंगांवर समाधान मानणं यांना अवघड जातं.

पण गाडी रोज चालवते मी. आणि जाते ल्युडेनशाइटला. तुम्हाला मागे सांगितलं होतं ना, तिथला पंचेचाळीस नंबरच्या महामार्गावरचा मोठा पूल डिसेंबर २०२१ मध्ये एकाएकी बंद केला, आणि मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला? पूल बंद झाल्यावर महामार्गावरचे ट्रक गावातून जायला लागले आणि रस्त्यांची पार दैना झाली. जर्मनीत खड्डे नसतात असं जे कोल्हापुरात समजतात त्यांना मी या रस्त्यानं एकदा फिरवून आणीन. वर जुन्या वस्तीत दगडी फरसबंदी, आणि आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार असा की गगनबावड्याचा घाट बरा. तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: गाडी दिसायची तशी दिसू दे, माझ्या पाठीला कळता कामा नये.

आता विषय निघाला कसा, तर शॉकअप खरोखरच गेले होते. दीड लाख किलोमीटरच्या आसपास झाले होते, मागच्या एका नळीतून तेल झिरपत होतं. तिथपर्यंत ठीक. मग हे म्हणाले, "आता उघडतोच आहोत तर..." बाबा, या वाक्यानंच तुमच्या घराची गच्ची झाली होती, असं आई सांगतात. मजुरी एकदाच, हा मुद्दा मात्र बिनतोड होता. पुढचा शॉकअप काढायला स्प्रिंग काढावीच लागते, पुन्हा वेगळी उघडायची तर दुप्पट पैसे.

यांच्या डोक्यात आधी होतं ते आट्यांचं प्रकरण, म्हणजे शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि कडं फिरवून गाडी हवी तेवढी वरखाली करता येते. पन्नास, साठ मिलिमीटर. मी विचारलं, फिरवणार किती वेळा? थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "एकदाच. सगळ्यात खाली." मग त्या आट्यांचे पैसे कशाला द्यायचे? शिवाय इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, दोन हिवाळ्यांत ते कडं गंजून बसलं की फिरवायची हौस आपोआप फिटते. ते प्रकरण तिथेच मिटलं.

दुसरा रस्ता स्वस्तातला: नुसत्या स्प्रिंगा बदलायच्या, शॉकअप जुन्याच जातीचे ठेवायचे. बहुतेक लोक हेच करतात आणि नंतर म्हणतात, गाडी आदळते. का आदळते हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा जन्म एसटीच्या डेपोत पाटे आणि यू-बोल्ट कसण्यात गेला. तरी माझा हिशेब बरोबर आहे का बघा. चाकाला वर उचलायला समजा ८० मिलिमीटर जागा आहे. गाडी ३० नं खाली घेतली की राहिली ५०. त्यातही शेवटचा तुकडा बंप रबराचा, म्हणजे चाक फार वर गेलं की ज्यावर आपटतं त्याचा. म्हणजे खड्डा तोच, पण तो पचवायला अंतर निम्म्याच्या जवळ. म्हणून बुटकी स्प्रिंग कडकही करावीच लागते, नाहीतर गाडी सतत रबरावर बसून राहील. आणि स्प्रिंग कडक केली की तिला आवरायला शॉकअपही जरा जोराचा लागतो. स्प्रिंग म्हणजे आपल्या वाड्यातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या काकू. वजन सगळं पेलतात, पण एकदा छेडलं की थांबत नाहीत. शॉकअप म्हणजे त्यांचे यजमान, जे चप्पल पायात सरकवून "बरं, निघूया" म्हणतात. काकू तरुण आणि यजमान थकलेले, अशी जोडी जमवली की काय होतं ते आपण पाहिलंय.

मी कागदावर मांडून दाखवलं. एका पुढच्या चाकावर ३५० किलो भार धरा, आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन. गाडी सेकंदाला साधारण १.३५ वेळा वरखाली होणार. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली तर १.५३. म्हणजे फरक आहे, पण आभाळ कोसळत नाही, एवढं माझी पाठ सोसते. बसलेल्या माणसाला खरा ताप होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळांच्या हादऱ्यांचा. गाडी रबरावर आपटायला लागली, किंवा शॉकअप बारीकसारीक दगडांना ताठ राहिला, की आपण त्या मुलखात गेलो. तेव्हा भांडण स्प्रिंगेशी नाहीच. त्याच हिशेबात, स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक तर शॉकअपचा जोर १४ टक्क्यांच्या आसपास वाढला की पुरे. वर्गमूळ आहे ते. यांना दुप्पट हवा होता, कारण डब्यावर तसं छापलेलं आवडतं.

एक गंमत सांगते. यांचं पालुपद होतं, "खाली घेतली की वळणावर कलत नाही." तीस मिलिमीटरपर्यंत ठीक. पण आपल्या गाडीसारख्या, पुढे खालचा एकच आर्म असलेल्या बांधणीत गाडी फार खाली नेली की तो आर्म आडवा राहत नाही, चाकाकडचं टोक वर जातं. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षा भराभर खाली उतरतो, आणि कलायला उलट जास्त वाव मिळतो. ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग, मग आणखी कडक शॉकअप. हे ऐकल्यावर ते बराच वेळ इंटरनेटवर मी चूक आहे याचा पुरावा शोधत होते. मी पोळ्या लाटून घेतल्या.

शेवटी ठरलं ते असं. स्प्रिंगा ३० मिलिमीटरवाल्या, हळूहळू कडक होत जाणाऱ्या: आधी मऊ, दबल्यावर ताठ. यात एक मेख होती. आपली गोल्फ सातव्या पिढीची, आणि तिच्यात कंपनीचंच स्पोर्ट बांधणीचं सामान आहे, म्हणजे ती मुळातच १५ मिलिमीटर बुटकी जन्मली. डब्यावरचे ३० मोजायचे साध्या गोल्फपासून. म्हणजे यांच्या पदरात पडणार १५. हे मला आधीपासून माहीत होतं. मी बोलले नाही.

मागवतानाही नुसतं "गोल्फ" म्हणून भागत नाही. पुढच्या शॉकअपची नळी ५० मिलिमीटरची की ५५ची, मागचा आस एकसंध की सुटसुटीत आर्मवाला, आणि नोंदणीच्या कागदावर पुढच्या-मागच्या आसाचा भार किती, हे सगळं जुळवून नंबर ठरतो. डिझेलचं जड इंजिन असलेल्या गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीत घातली तर ती बुटकी होतच नाही, नुसती टणक होते. आमच्या एका परिचितांनी तशी घातली आहे. ते त्याला स्पोर्टी म्हणतात.

शॉकअप घेतले डच कोनीचे. १८५७ मध्ये घोड्यांचं सामान बनवणारे म्हणून ते सुरू झाले, तेव्हा धक्क्यांचा अनुभव जुना. त्यांच्या या जातीत एक जास्तीची झडप असते. चाक भराभर थरथरलं, म्हणजे फरसबंदी वगैरे, की तेलाला दुसरी वाट मिळते आणि शॉकअप मऊ पडतो. गाडी सावकाश झुलली, म्हणजे वळण किंवा ब्रेक, की ती वाट बंद होत जाते आणि तो ताठ होतो. ना बटण, ना वायर. बिल्स्टाइनच्या आखूड शॉकअपवर यांचा फार जीव होता, कारण ते पिवळे आहेत. ते उत्तमच आहेत, भरधाव महामार्गावर तर त्यांना तोड नाही. पण माझा रस्ता भरधाव नाही, आणि गाडीखाली वाकून रंग बघायला माझ्याकडे वेळ नाही.

बसवण्याचं काम गॅरेजमध्येच दिलं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर काय होतं ते तुम्ही यांना लहानपणीच डेपोत दाखवलं होतंत म्हणे, त्यामुळे घरी करायचा हट्ट झाला नाही. ही विद्या उपयोगी पडली, तुमचे आभार. आणि तुमची ती दुसरी शिकवण मी स्वतः मेकॅनिकला सांगितली: आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के कसायचे नाहीत, चाकं जमिनीवर टेकवून, वजन घेतल्यावर कसायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, माझे सासरे एसटीत होते. त्याला एसटी म्हणजे कोणती तरी रेसिंगची टीम वाटली असावी. मी खुलासा केला नाही.

मग अलाइनमेंट. गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात आणि पुढची टोकंही हलतात. तसंच सोडलं तर टायर आतल्या कडेनं झिजतात, बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. दिव्यांची पातळीही पुन्हा लावून घेतली.

आणि मग ट्यूफ, म्हणजे इथली गाड्यांची तपासणी. इथे स्प्रिंग बदलणं हा खाजगी मामला नाही. स्प्रिंगेसोबत तिचा तपासणी-अहवाल येतो, तो घेऊन गाडी तपासनीसापुढे उभी करायची. त्यांनी स्प्रिंगेवरचा नंबर बॅटरी लावून वाचला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. गाडीची एक बाजू पुढून आणि दुसरी मागून उचलून टायर कुठे घासतो का पाहिलं. चाक हवेत लटकवून स्प्रिंग जागेवर घट्ट राहते का, सैल पडून सरकते का, तेही पाहिलं. सगळं झाल्यावर शिक्का, मग नोंद. हे न करता गाडी फिरवली तर तिचा रस्त्यावर चालायचा परवानाच जातो. हे सगळं चालू असताना तुमचे चिरंजीव असे उभे होते की जणू आत मुलीची दहावीची तोंडी चालू आहे.

गाडी कशी झाली? खरं सांगू का, बाबा, छान झाली. मला अपेक्षा नव्हती. खड्डा कळतो, पण एकदाच कळतो, मग गाडी त्यावर चर्चा करत बसत नाही. फरसबंदीवर पूर्वी डॅशबोर्ड खडखडायचा, तो गप्प झाला. तळघराच्या उतारावर खालचं प्लास्टिक घासत नाही, मी जरा तिरकी काढते. आता यात स्प्रिंगेचं श्रेय किती आणि मेलेल्या शॉकअपजागी जिवंत आले त्याचं किती, हे विचारू नका. माझ्या मते दुसऱ्याचं बारा आणे. हे मात्र सगळं श्रेय त्या पंधरा मिलिमीटरना देतात. फटीत आता तीन बोटं जातात म्हणे. मी घालून पाहिली नाहीत.

तुम्ही दोघं मे महिन्यात याल तेव्हा आईंना पुढच्या सीटवर बसवू. गुडघ्यांना थोडं जास्त वाकावं लागेल, पण पंधरा मिलिमीटर म्हणजे काही फार नाही, एक जाडशी उशी टाकली की हिशेब बरोबर. हे पत्र त्यांना वाचून दाखवाल तेव्हा खर्चाचा विषय निघाला तर "टायर बदलले" एवढंच सांगा. पुढचे दोन खरंच बदलले.

तुमची बीपीची गोळी सकाळचीच घ्या, रात्रीवर ढकलू नका. नातीचा पापा.

आपली
सूनबाई

ता. क. हे म्हणतात, पुढच्या वर्षी रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे घालू, गाडी आणखी "टाइट" होईल. रस्त्याचा प्रत्येक खडा माझ्या दातांत येईल हे मी सांगून पाहिलं. तुम्ही एका पोस्टकार्डावर "नको" असं मोठ्या अक्षरात लिहून खाली सही करून पाठवा. माझ्या अक्षरातलं त्यांना पटत नाही.