जास्तीचे साठ मोदक

आई पहिल्यांदा टेक्सासमध्ये, शुगर लँडला आली तेव्हा तिने गाडीची काच खाली केली, नाक वर केलं आणि विचारलं, "मळीचा वास कसा येत नाही रे?"

आम्ही प्रवरानगरच्या बाजूचे. विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 च्या सुमारास उभा केलेला सहकारी कारखाना म्हणजे आमचं घड्याळ, कॅलेंडर आणि अत्तर. त्यामुळे खुद्द साखरेचं नाव लावणाऱ्या गावाकडून आईच्या किमान अपेक्षा होत्या. मी तिला इंपीरियल शुगरची 1925 सालची विटांची उंच इमारत दाखवली.

"गळीत कधी सुरू होतं?"

"काही सुरू होत नाही. रिफायनरी 2003 मध्ये बंद झाली."

"मग गावाला शुगर लँड कशाला म्हणतात?"

हे तिने डेटाबेसवाल्याला विचारायला नको होतं. मी म्हणालो, "मूळ टेबल उडालंय आई, वरचा व्ह्यू तेवढा राहिलाय." पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या हातात असतं तर त्याने कारखाना बंदच होऊ दिला नसता, 'यावर एका गावाचं नाव अवलंबून आहे' म्हणून सरळ नकार दिला असता. ऑरॅकल हा दुसरा डेटाबेस मात्र टेबल उडवू देतो आणि व्ह्यू अवैध होऊन जागच्या जागी पडून राहतो. टेक्सासचा कारभार ऑरॅकलच्या वळणाचा दिसतो.

"व्ह्यू म्हणजे काय पण?"

"खिडकी समज. खिडकीत सामान नसतं, खोलीत असतं. खोलीत काही हललं की खिडकीतून लगेच दिसतं."

रात्री फोनवर मावशीला बातमी गेली: "खिडक्या बसवायचं काम आहे गं त्याचं. पगार बरा आहे." इथे खिडकीबाहेर शेजाऱ्याचं लाकडी कुंपण सोडून काही दिसत नाही, त्यामुळे माझ्या कामाची गरज तिला चटकन पटली असावी.

लिहायला व्ह्यू सोपा. 'क्रिएट व्ह्यू', मग नाव, मग 'अ‍ॅज', मग आपलं नेहमीचं 'सिलेक्ट'. डेटाबेस तो प्रश्न जपून ठेवतो, उत्तर नाही. कुणी व्ह्यू उघडला की प्रश्न नव्याने विचारला जातो. शिवाय कुणाला काय दिसावं हे आपल्या हातात राहतं: माणसाला टेबलाची परवानगी द्यायचीच नाही, फक्त व्ह्यूची द्यायची. कारखान्याची गोष्ट सांगताना आईला मी व्ह्यूच दिला होता. त्या उंच इमारतीत साखर पांढरीशुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरत, हा कॉलम मी त्यात घेतला नाही. तिचा चतुर्थीचा उपास होता आणि हातात चहा होता.

खरी कसोटी गणपतीत लागली. आमच्या ओळखीतली मराठी घरं मिळून एक हॉल भाड्याने घेतात. पूर्वी पाहुण्यांची यादी एक्सेलमध्ये असायची, म्हणजे ती सात जणांकडे सात प्रकारची असायची. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हीच फायनल'. एका वर्षी पार्किंगवाल्यांच्या यादीत असलेली माणसं स्वयंपाकवाल्यांच्या यादीत नव्हती. त्यांना गाडी लावायला जागा मिळाली, जेवायला नाही. तेव्हा मी एकच टेबल केलं आणि त्यावर व्ह्यू बसवले. पार्किंगला गाड्या, खजिनदारांना वर्गणी, स्वयंपाकघराला माणसांची बेरीज.

पहिला फोन स्वयंपाकघरातून. "अरे, एकूण 212 दाखवतंय, मी 250 करतेय तर होत नाहीये." काकूंना समजावलं की ती बेरीज कुठेही लिहून ठेवलेली नाही, बघताक्षणी होते, वाढवलेले 38 कुणाच्या घरात घालायचे हे डेटाबेसला कसं कळणार? "कुणाच्याही घाल," काकू म्हणाल्या, "आयत्या वेळी येतातच." अनुभव त्यांच्या बाजूने होता. या सगळ्या शास्त्राचे जनक आयबीएमचे कॉड. त्यांनी 1985 मध्ये बारा नियम सांगितले, मोजले तर तेरा भरतात कारण सुरुवात शून्यापासून आहे. त्यातला सहावा म्हणतो, जो व्ह्यू तत्त्वतः बदलता येतो तो प्रत्यक्षातही बदलता यायला हवा. 'तत्त्वतः' हा शब्द वाचून मला आपल्याकडच्या सरकारी मंजुऱ्या आठवतात.

पण घात केला तो 'कांदा-लसूण नको' या व्ह्यूने. नोंदणीच्या काकांना मी त्यावर बसवलेला फॉर्म दिला. काकांनी आधी स्वतःचं कुटुंब घातलं: माणसं चार. कांदा-लसूण नको? काका प्रामाणिक, खूण केली नाही. 'सेव्ह' दाबलं. नोंद मुकाट टेबलात गेली, पण कांदा खाणारं कुटुंब त्या खिडकीतून दिसणार कसं? काकांना वाटलं, गेलीच नाही. पुन्हा घातली. चष्मा पुसून पुन्हा. एकूण सहा वेळा. फोन नंबरला 'युनिक'ची अट घालायचं मी विसरलो होतो, हा गुन्हा माझाच.

स्वयंपाकघराच्या बेरजेत वीस माणसं वाढली. माणशी तीन धरून साठ उकडीचे मोदक जास्त झाले. काकू म्हणाल्या, "बघ, म्हटलं होतं ना वाढव?" त्यातले बारा आयत्या वेळच्या पाहुण्यांनी खाल्ले. उरलेले अठ्ठेचाळीस आमच्या फ्रीजरमध्ये आले आणि आईने ते दसऱ्यापर्यंत मला एकेक करून वाफवून वाढले, कुठलीही टिप्पणी न करता.

पुढच्या वर्षी मी त्या व्ह्यूच्या शेपटीला 'विथ चेक ऑप्शन' जोडलं. म्हणजे खिडकीतून दिसणार नसेल ते खिडकीतून आत टाकताच येणार नाही. लाल अक्षरांत निरोपही मराठीत लिहिला: 'ही नोंद अटीत बसत नाही.'

दहा मिनिटांत काकांचा फोन. आवाज भरून आलेला.

"काय रे, कांदा खातो म्हणून वाळीत टाकलंस होय आम्हाला?"