रोजचे फक्त पाचशे

2025 च्या नोव्हेंबरात, संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीत माझ्या शेजारी एक पस्तिशीचे गृहस्थ बसले होते. गळ्यात बँकेच्या ओळखपत्राची पट्टी. कुठल्या बँकेची ते सांगत नाही, ठेवीदारांची झोप उडायची. मांडीवर रिकामा डबा, डब्यावर मोबाइल आणि मोबाइलवर तीन चक्रं गरगरताहेत. चेरी, घंटा, सात. अंगठा एकाच जागी टेकलेला, जसा जुन्या खरेदीखतावर टेकवायचे.

एकदम सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पडला, तुतारी वाजली, 'अभिनंदन!' झळकलं. मीही नकळत हसलो. मग नीट पाहिलं. वीस रुपये लावले होते, आठ परत आले होते. खिशातून पैसे गेल्यावर वाजंत्री वाजते ती फक्त घरच्या लग्नात, असा माझा आजवर समज होता.

"काळजी करू नका, काका," मान वर न करता ते म्हणाले. "मी जबाबदारीने खेळतो. रोजचे फक्त पाचशे. वर एक रुपया नाही."

"वा! मग आजचे किती उरले?"

"आजचे केव्हाच संपले. सध्या चौदा मार्चचे चाललेत."

मी कर्जतचा वडापाव तोंडापाशी धरून तसाच बसलो. "लिमिट मोडायचं नाही, पुढचं उचलायचं," त्यांनी समजावून सांगितलं. "पगारावर उचल घेतो ना आपण, तसं." म्हणजे सुमारे एकशे वीस दिवस, गुणिले पाचशे. साठ हजार. पण नियमात.

'जबाबदारीने खेळा' हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याला माझा नमस्कार. एका वाक्यात मालक मोकळा आणि गिऱ्हाईक अडकलेला. हरलात? मग जबाबदारीने खेळला नसणार. विजेच्या खांबावरही 'धोका' लिहितात. पण त्या खांबावर चढणाऱ्याला कुणी पहिले शंभर रुपये बोनस देत नाही.

"आणि काका, 96 टक्के परत मिळतात. एफडीला कोण देतं?" बँकेतला माणूस हे म्हणत होता, म्हणून जास्त लागलं. हे 96 टक्के प्रत्येक डावाचे असतात, तेही लाखो डावांच्या सरासरीने. वीस रुपयांचा डाव दर चार सेकंदांनी टाकला तर तासाला 900 डाव, 18 हजारांची उलाढाल, आणि तिचे 4 टक्के म्हणजे 720 रुपये यंत्राच्या पोटात. पाचशेचं लिमिट सरासरीने पाऊण तासही टिकत नाही. बरं, ही आकडेमोड 96 चा आकडा खरा असेल तर. कुठल्याशा बेटावर नोंदलेल्या साइटचा हिशेब तपासायला कोण जाणार? आपल्याकडे सोसायटीचे हिशेब तपासायला माणूस मिळत नाही.

आणि ती चक्रं! दोन सात जुळतात, तिसरा ओळीच्या केसभर वर थांबतो. हळहळ वाटते, 'थोडक्यात हुकलं' म्हणून पुन्हा बटण. वास्तविक तिथे चक्र नसतंच. बटण दाबलं त्याच क्षणी आत आकडा निघालेला असतो. पुढचं सगळं गरगरणं म्हणजे निकाल लागल्यावर दाखवलेलं नाटक.

एवढ्यात बोगदा आला.

घाटात बोगदा आला की नेटवर्क जातं. चक्रं थिजली. गृहस्थांनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, डब्याचं झाकण नीट लावलं आणि मला विचारलं, "काका, तुम्ही कुठे उतरणार?" माणसात आले. मुलीच्या शाळेबद्दल बोलले, गुडघेदुखीवरचं एक तेल सांगितलं. बोगदा संपला, दोन दांड्या उगवल्या आणि गृहस्थ पुन्हा मार्चात गेले.

जबाबदारी राहते ती दोन डावांच्या मधल्या फटीत. ही फट बुजवणं हाच तर सगळा धंदा. 19व्या शतकाच्या अखेरीला सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने 'लिबर्टी बेल' हे यंत्र बनवलं, त्याला दांडा ओढावा लागे. हात दुखायचा, नाणी संपायची. आपला वरळीचा मटका घ्या. धंदा बेकायदा, त्याने घरं बुडाली, त्याचं कौतुक नको. पण ओपन आणि क्लोज या दोन आकड्यांमध्ये निदान काही तास असायचे. तेवढ्यात माणूस जेवायचा, भांडायचा, पाळीवर जायचा. अंगठ्याखालच्या यंत्राला पाळी ठाऊक नाही.

ब्रिटनने ही फट कायद्याने ठेवायला लावली. 2021 पासून तिथे ऑनलाइन स्लॉटच्या, म्हणजे याच चक्रांच्या खेळाच्या, दोन डावांत निदान अडीच सेकंद गेलेच पाहिजेत, आपोआप फिरत राहण्याची सोय बंद, आणि लावलेल्यापेक्षा कमी परत आलं तर तुतारी वाजवायची नाही. 2025 मध्ये एका डावाची कमाल रक्कमही ठरवली: पाच पौंड, आणि पंचविशीच्या आतल्यांना दोन. अडीच सेकंदांत माणूस शहाणा होतो असं नाही. पण तेवढ्या फटीसाठीसुद्धा सरकारला नियम करावा लागला, यावरून काय ते समजा.

गोव्याची तऱ्हा आणखी छान. 1992 मध्ये कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रं आली, मग मांडवीत जहाजं उभी राहिली. आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोंयकारालाच कॅसिनोत मज्जाव. पाहुण्याने जबाबदारीने खेळावं, घरच्याने उंबरा ओलांडू नये. खानावळवाला स्वतःच्या पोरांना डबा घरून देतो, त्यातलाच प्रकार. महाराष्ट्राने तर याहून कडी केली होती. 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द करायचं ठरवलं. दोन डावांत इतकी मोठी फट ठेवणारं दुसरं सरकार नसेल.

तेच सरकार 2025 च्या जुलैत मात्र घाईत होतं. विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. आपण फक्त उघडलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेर त्यांचं खातं बदललं. नवं खातं मिळालं ते क्रीडा.

त्याच वर्षी ऑगस्टात दिल्लीने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तर त्यांनी तेवढं शेवटचंच वाक्य ऐकलं. "म्हणजे आपण सेफ!" सेफ खरेच. पैसे अडकले तर तक्रार कुणाकडे करणार, एवढाच प्रश्न.

"साइटवर सगळं असतं हो," असं म्हणून त्यांनी पान खाली, आणखी खाली, अगदी तळाशी सरकवलं. मुंगीच्या अक्षरांत 'जबाबदार खेळ' असं इंग्रजीत लिहिलेलं. त्यावर दाबलं तर ब्रिटनमधल्या कुठल्याशा हेल्पलाइनचा नंबर. म्हणजे हडपसरच्या माणसाने रात्री दोन वाजता लंडनला फोन लावून इंग्रजीत रडायचं. मी त्यांना 14416 हा नंबर दिला. टेली मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. त्यांनी तो लिहून घेतला. कुठे, तर त्याच मोबाइलवर, दोन डावांच्या मध्ये.

लोणावळ्यानंतर बोगदे संपले. पुढे सपाटी, सलग नेटवर्क, अधूनमधून तुतारी. मी पेपर वाचल्यासारखं केलं. शिवाजीनगर आलं तेव्हा उठता उठता राहवलं नाही.

"कुठवर आलात?"

"पाडवा झाला, काका," ते म्हणाले आणि पाय बाजूला घेऊन मला वाट दिली.