हाडे मोडा, नाव कमवा : होतकरू रग्बी लीगपटूंसाठी सुलभ मार्गदर्शिका

अभिनंदन! मेडिकल, इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा असे सगळे रुळलेले रस्ते सोडून तुम्ही रग्बी लीग हा पेशा निवडलात. घरी एवढ्यात सांगू नका. खालील सूचना मात्र क्रमाने पाळा.

१. जन्म योग्य ठिकाणी घ्या. विगन, सेंट हेलेन्स, लीड्स उत्तम. तिथे जागा नसेल तर सिडनी किंवा ब्रिस्बेन. इतरत्र जन्मलात तर ‘रग्बी म्हणजे ती पंधरा जणांची ना?’ या प्रश्नाला ‘नाही, तेरा जणांची’ असं उत्तर जन्मभर देत बसाल.

२. इतिहास पाठ करा, पगाराची बोलणी करताना उपयोगी पडेल. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं म्हणणं. रग्बीच्या कारभाऱ्यांना यात खेळाचा घोर अपमान दिसला. (ज्यांची मजुरी बुडत नाही, त्यांना फुकट खेळण्याचं पावित्र्य चटकन कळतं.) शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, तीच पुढे रग्बी लीग झाली. खाड्याचे दर दिवसाला सहा शिलिंग ठरले. मोडलेल्या बरगडीचा दर ठरवायचा मात्र राहून गेला.

३. खेळ शिका. अर्ध्या तासाचं काम आहे. चेंडू छातीशी धरा, समोरच्या शंभर किलोच्या गृहस्थाच्या अंगावर धावत जा, आपटा, उठा, चेंडू टाचेने मागे सारा. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, पुढे न्यायचं ते स्वतःला. कबड्डीत पकड झाली की माणूस निदान बाहेर जाऊन दम खातो, इथे ती सोय नाही. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा, आणि मग पाडायची पाळी तुमची. १९६६पूर्वी या पाडापाडीला मर्यादाच नव्हती. ती आली तीही तुमच्या कळवळ्याने नव्हे. एकच संघ चेंडू कवटाळून बसायचा, म्हणून आली.

४. हाड मोडा, पण मैदान सोडू नका. इथे नवशिके फार चुका करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साखळी सामन्यात हाड मोडणं म्हणजे चांगला माल वाया घालवणं. अंतिम सामन्याची वाट पाहा. १९७० साली साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा मॅनलीविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच मोडला. तो शेवटपर्यंत खेळला, संघ २३-१२ने जिंकला, आणि तो जबडा अजून गाजतोय. २०१४ साली त्याच क्लबच्या सॅम बर्जेसने पहिल्याच टक्करीत गालाचं हाड मोडून घेतलं आणि सामनावीराचं पदक नेलं. २०१८मध्ये कूपर क्रॉंक मोडक्या खांद्याच्या पात्यानिशी खेळला. तिघांचे संघ जिंकले, हे वहीत अधोरेखित करा. हरलात तर तोच जबडा नुसता हॉस्पिटलचं बिल उरतो.

५. डोकं बेताने वापरा. डोक्याला मार बसला की हल्ली डॉक्टर बाहेर नेऊन विचारतात : आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचे गुण कोणी घेतले? उत्तरं घोकून ठेवण्याचा मोह होईल. वॉली लुइस हा क्वीन्सलँडचा ‘राजा’. ब्रिस्बेनच्या लँग पार्कबाहेर त्याचा पुतळा आहे. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांशी जोडला जाणारा मेंदूचा आजार आपल्याला बहुधा झाला आहे, असं त्याने २०२३ साली जाहीर सांगितलं. स्मरणशक्ती दगा देते, हेही सांगितलं. क्लबच्या भरतीपत्रकात हा परिच्छेद सहसा नसतो. आपणही पुढे जाऊ.

६. मुलाखतीची तीन वाक्यं : ‘पोरं जीव तोडून खेळली.’ ‘श्रेय सगळ्या संघाचं.’ ‘आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो.’ हरल्यावर हीच, खालच्या पट्टीत.

७. अवघड गोष्टी खुशाल चुकवा, सोप्या चुकवू नका. १९६८, वेम्बली, चॅलेंज कपचा अंतिम सामना, मैदानात तळी साचलेली. वेकफील्डच्या डॉन फॉक्सकडे अगदी खांबांसमोरची शेवटची किक. ती गेली की करंडक. ती गेली नाही. लीड्स ११-१०ने जिंकलं. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडूही फॉक्सच ठरला होता. ते किती जणांना आठवतं, विचारून पाहा.

८. मानधन. क्लबने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा आहे. मेलबर्न स्टॉर्मने ती ओलांडून हिशेब दडवला, म्हणून २०१०मध्ये त्यांची २००७ आणि २००९ची विजेतेपदं काढून घेतली. त्या मोसमांत खेळाडूंनी खाल्लेला मार मात्र कोणी रद्द केला नाही, त्यामुळे तो अधिकृत समजावा.

९. निवृत्ती. पस्तिशीच्या आसपास गुडघेच कळवतील. मग सूट शिवा, समालोचन करा, आणि डॉक्टरने एखाद्याला बाहेर नेलं की ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ असं ठणकावून सांगा. वाक्य मधेच विसरलात तर शेजारचा पूर्ण करील, तोही माजी खेळाडूच असतो.

अर्जासोबत पासपोर्ट आकाराचे दोन फोटो जोडावेत. आजच काढून घ्या, नाक सरळ आहे तोवर.