फर्म्यात बसलेला लेखक

हस्तलिखित पूर्ण झालं की लेखकाला वाटतं, पुस्तक झालं. प्रकाशकाला मात्र दिसतात फर्मे. एका फर्म्यात 16 पानं. कादंबरी 163 पानांवर संपली, तर ती 160 वर आणा, नाहीतर 176 पर्यंत ताणा. नायकाची आजी मग ठरल्यापेक्षा तीन पानं आधीच निजधामाला जाते.

पुढे मजकूर श्रीलिपीच्या फाँटमधून युनिकोडात उतरतो. वाटेत ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. प्रुफं तीनदा तपासली जातात; चूक मात्र सापडते छापील प्रतीत, आणि तीही मित्राने सहज उघडलेल्या पानावर.

लेखकाच्या खर्चाने पुस्तक काढून देणाऱ्यांच्या पॅकेजमध्ये ‘आयएसबीएनसहित’ हे शब्द ठळक असतात. हा 13 आकडी क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी मोफत देते, ही बाब बारीक टायपातही नसते.

पुस्तक निघालं की 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत धाडायची. न धाडल्यास दंड 50 रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. प्रकाशन समारंभातल्या एका पाहुण्याचा बटाटेवडा-चहाही याच्या आसपास जातो.

आवृत्ती पूर्वी हजाराची असे. डिजिटल छपाईत पन्नासाचीही निघते, त्यामुळे ‘वर्षात तिसरी आवृत्ती’ ही जाहिरात खोटी ठरत नाही.

तिसऱ्या आवृत्तीचा लेखक मग पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जातो, अनोळखी गिऱ्हाईक बनून स्वतःचंच पुस्तक मागतो.

“मागवून देतो,” दुकानदार म्हणतो, “लेखक कोण म्हणालात?”