एक रुपयाची वर्गणी

आमच्या जिल्ह्यात एक रुपयावर लोकांचा फार विश्वास. २०२३ च्या खरिपात सरकारनं एक रुपयात पीक विमा दिला आणि अख्खा धाराशिव सात-बारा घेऊन रांगेत उभा राहिला. २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली, विश्वास मात्र चालू राहिला. म्हणूनच पुतण्या म्हणाला, "काका, ॲपवर एक रुपयात सात दिवस सगळा अभ्यास मिळायलाय, ओटीपी आला का बघा की," तेव्हा मी चष्मा लावून सहाच्या सहा आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. पोरगं शिकतंय याचा आनंद वेगळाच असतो.

पोरगं दोन दिवस शिकलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ॲप काढून तिथं क्रिकेटचा खेळ टाकला.

चौथ्या महिन्यात पासबुक भरायला गेलो तर ३९९ रुपये तीनदा गेलेले. समोर चार इंग्रजी अक्षरं, एक चांदणी, मग अर्धवट तुटलेला शब्द आणि बारा आकडी क्रमांक. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनांची नाणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी पाडली, ती कुठं चालायची, हे सांगणारी माणसं आपल्याकडं आहेत. गेल्या महिन्यातली माझी ओळ कोणाची, हे सांगणारं शाखेत कोणी नव्हतं.

घरी येऊन दोन तास खपलो तेव्हा उलगडलं. ॲपचं नाव एक, ते चालवणाऱ्या कंपनीचं दुसरं आणि मधे पैसे गोळा करणाऱ्याचं तिसरं. पासबुकात छापलं होतं ते तिसरं. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा निदान हरकती मागवल्या, राजपत्र निघालं, माणसं हायकोर्टात गेली. इथं माझ्याच खात्यातून पैसे नेणारा तीन नावांनी वावरतो आणि हरकत मात्र मी घ्यायची, तीही त्याला ओळखून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शाखेत.

"पैसे कटायलेत," मी म्हणालो.

"कटणारच की काका. तुम्हीच परवानगी दिलीय."

"मी एक रुपयाला दिली."

"एक रुपयाला दिली ती सगळ्यालाच दिली."

कारकुनाचं म्हणणं नियमाला धरून होतं, हेच दुखणं. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा हप्त्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. पहिल्यांदा ओटीपी लागतो. नंतर १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला लागत नाही, फक्त पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावं लागतं. कळवलंही होतं. फोन चाळला तर गृहकर्ज, रमी आणि वजन कमी करण्याच्या चुरणाच्या मधोमध तो इंग्रजी संदेश सापडला, नको असेल तर थांबवा अशा दुव्यासकट. आणि ॲप फोनवरून काढलं म्हणजे वर्गणी थांबली, हा तर निव्वळ आपला समज. भाडेकरू घर सोडून गेला तरी वीजबिल येतच राहावं, तसला हा प्रकार.

याला वर्गणी म्हणायचंही जिवावर येतं. गल्लीतली गणपतीची पोरं वर्षातून एकदा येतात, तोंडावर मागतात, पावती फाडतात आणि शेवटी महाप्रसादही वाढतात. नाही म्हटलं तर फार तर आपल्या दारासमोर स्पीकर लावतात.

"वाद घालायचा असेल तर फॉर्म भरा," कारकून म्हणाला. फॉर्ममधला चौथा प्रश्न होता, 'आपण व्यापाऱ्याशी संपर्क साधला होता काय?' व्यापारी बेंगळुरूला. आमच्या स्टँडवर गाड्या लागतात सोलापूरच्या, लातूरच्या, भूमच्या.

त्यातच त्यानं विचारलं, "तीन दिवसांत का नाही कळवलं?" तीन दिवस म्हटलं की या जिल्ह्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन पाण्यात गेलं आणि ७२ तासांत कळवलं नाही म्हणून विमा नाकारला गेला. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई द्या, असा निकाल मे २०२२ मध्ये लागला. गुडघाभर चिखलात उभं राहून ॲपवर फोटो चढवा म्हणणारे तेव्हाही होते.

बँकेचे तीन दिवस जरा निराळे आहेत, आणि हे मात्र कात्रण करून ठेवण्यासारखं आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात लिहिलंय की चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे उडवले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती का होईना खात्यात जमा करायची आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. ओटीपी वाचून दाखवणारे काका मात्र यात बसत नाहीत. चोरी झाली असती तर मी जिंकलो असतो.

माझ्या दुखण्याचं नाव दुसऱ्याच कागदावर निघालं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा युक्त्यांना मनाई केली. त्यात वर्गणीचा सापळा ही एक आहे: आत जायला एक बटण, बाहेर पडायला भुलभुलैया. अमेरिकेत २०१४ मध्येच लहान मुलांनी न विचारता केलेल्या खरेदीपोटी ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करावे लागले होते. माझा दावा ११९७ रुपयांचा. रुपया मी सोडून दिला.

आधी दुव्यावर जाऊन हप्ता बंद केला. मग कंपनीला मेल लिहिला, त्यात त्या तेरा युक्त्यांचा उल्लेख केला आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बाविसाव्या दिवशी खात्यात ७९८ रुपये आले. पहिल्या महिन्यात पुतण्या शिकला, असं त्यांचं म्हणणं.

पासबुकात त्या ७९८ समोर चौथंच नाव छापलंय. कारकून विचारत होता, हे पैसे कोणाचे?