म्होरक्याची पोरं कोणाची?

"काकू, कढीपत्ता नंतर तोडा, आधी ऐका. टोळीचा एवढा मोठा म्होरक्या, पण पोरं भलत्याचीच निघाली!"

"अगं बाई! कुठली ही भानगड?"

"पोर्तो रिकोजवळच्या कायो सान्तियागो बेटावरची. माकडांची हो."

"हात्तिच्या!"

"हात्तिच्या काय? मूळची आपल्याच देशातली ती. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या शास्त्रज्ञानं चारशेच्या वर माकडं बोटीनं तिकडे नेली. आजची सगळी त्यांचीच पिलावळ."

"म्हणजे आपल्या महाबळेश्वरची?"

"छे, ती वेगळी. ही उत्तरेकडची, ऱ्हीसस जातीची. आता बघा, आई कोण ते दिसतंच. पोर अंगाला चिकटलेलं असतं. बापाचं मात्र नुसतं अंदाजपंचे. मग माकडं पकडून थोडं रक्त घेतलं, डीएनए ताडून पाहिला आणि बिंग फुटलं. ज्याचा मान मोठा, त्यालाच जास्त पोरं, असं काही नाही. माद्या गुपचूप खालच्या मानाच्या नरांकडेही जातात."

"आणि नवरे गुरगुरत बसतात! बरं, घर कोणाचं चालतं?"

"बायकांचं. आईचा मान लेकीला. त्यातही धाकटी थोरलीच्या वरचढ. मुलगे वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात, तिथं रांगेत शेवटी. जितकं टिकाल तितके वर, सरकारी बढतीसारखं."

"म्हणजे सासूच नाही? भाग्यवान गं!"

"पुढचं ऐका. २०१७ साली मारिया चक्रीवादळ आलं. झाडं गेली, सावली उरली नाही, वर रणरणतं ऊन. आता सावलीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटणार, असंच कोणालाही वाटलं असतं. तर ही भांडकुदळ माकडं, पूर्वी ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांनाही शेजारी बसू द्यायला लागली! आणि ज्यांनी असं जमवून घेतलं ती जास्त जगली, हेही नोंदींत दिसलं."

"मग झालं की सगळं चांगलं."

"कुठलं! वादळाआधीचं नि नंतरचं रक्त ताडलं, तर प्रतिकारशक्तीच्या पेशी सुमारे दोन वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या. माणसाच्या हिशेबानं सात-आठ वर्षं."

"सगळ्यांच्याच?"

"नाही ना! काहींना फटका जास्त, काहींना कमी."

"तुझ्या त्या म्होरक्याचं काय झालं?"

"ते नाही बाई विचारलं."