कष्टाळू खुन्याची थोरवी

आमच्या सावनेरात गुन्ह्यांचा दर्जा पार घसरला आहे, हे लिहिताना वाईट वाटतं. संत्र्याच्या बागेतून रात्री फळं उतरवतात, ती काटेरी तार वाकवून. विहिरीवरचा मोटारपंप नेतात, कारण तो तिथं उघड्यावरच असतो. मोटारसायकल नेतात, कारण मालकानं किल्ली तिलाच लावून ठेवलेली असते. आला, घेतलं, गेला. यात कल्पकता कुठं आहे, घाम कुठं आहे? आणि हे त्या गावात, जिथं राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला वारले. ‘बाळकराम’ या नावानं ज्यांनी चोरांचं आख्खं संमेलन भरवलं, त्यांच्या शेवटच्या मुक्कामी चोरांनी निदान एखादं काम तरी अध्यक्षीय भाषणात उल्लेख होईल असं करायला हवं होतं.

अशा खिन्न अवस्थेत, थंडीतल्या एका रात्री, मोबाईलवर मला ‘कर्नल मार्च ऑफ स्कॉटलंड यार्ड’ ही मालिका सापडली. १९५०च्या दशकातली, ब्रिटिश, काळीपांढरी. एकूण २६ भाग, एकेक भाग अर्ध्या तासाच्या आत. स्कॉटलंड यार्डात म्हणे एक खातं आहे. ज्या तक्रारी ऐकून बाकीचे पोलीस ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून हाकलून देतात, त्या सगळ्या तिथं पाठवतात. खात्याचा प्रमुख कर्नल मार्च. एका डोळ्यावर काळी पट्टी. दोन-दोन डोळ्यांच्या इन्स्पेक्टरांना जे दिसत नाही, ते त्याला एकाच डोळ्यानं दिसतं. बाकी सरकारनं या खात्यावर नेमणूक करताना दाखवलेली दूरदृष्टीही वाखाणण्यासारखी आहे. कर्नलचं काम करतो बोरिस कार्लॉफ. १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस तो हाच. ज्याला पाहून लोक थिएटरात किंचाळले, त्यालाच तक्रारी ऐकायला बसवलं तर किती तक्रारी आपोआप कमी होतील, हा विचार आपल्याकडच्या कुठल्याही तक्रार निवारण कक्षाला अजून सुचलेला नाही.

पण मला कौतुक कर्नलचं नाही. तो पगारी माणूस. कौतुक आहे ते समोरच्या पक्षाचं, म्हणजे खुन्याचं.

साधा माणूस खून कसा करील? काकांना मारील, दार उघडं टाकील आणि पळून जाईल. मग पोलिसांपुढं आख्खा तालुका संशयित. दुधवाला येऊन गेला असेल, भाडेकरू असेल, कोणी वाटसरू असेल. शोधत बसा. आपला थोर खुनी असं करत नाही. तो दार आतून बंद करतो. खिडक्यांच्या कड्या लावतो. घराभोवती बर्फ पडू देतो आणि त्या बर्फावर एकही पाऊल उमटणार नाही याची काळजी घेतो. आता हे कोणी केलं असेल? ज्याला आरसे बसवता येतात, कडीत दोरा ओवता येतो आणि जो गेले तीन महिने तळघरात ठोकठोक करत होता, असा घरात एकच पुतण्या असतो. इतकी मेहनत घेऊन स्वतःकडेच बोट दाखवण्याचं हे औदार्य दुसऱ्या कुठल्या धंद्यात आढळतं?

ही मालिका ज्या पुस्तकावरून केली ते १९४०चं. लेखक कार्टर डिक्सन, म्हणजे टोपणनाव घेतलेले जॉन डिक्सन कार. हे गृहस्थ अमेरिकन, पण बंद खोलीतल्या खुनासाठी हवामान इंग्लंडचंच चांगलं हे त्यांनी ओळखलं. १९३५च्या ‘द हॉलो मॅन’ कादंबरीत त्यांचा डॉक्टर फेल एक आख्खं प्रकरण बंद खोलीवर व्याख्यान देतो. खून कोणकोणत्या रीतींनी अशक्य करता येतो, याची तिथं सविस्तर वर्गवारी आहे. खुनाचा तपास चालू असताना, जेवण झाल्यावर, निवांत. आमच्याकडे शेतकऱ्याला फवारणीचंही मार्गदर्शन इतक्या सविस्तर मिळत नाही.

कर्नल मार्चच्या त्या १९४०च्या पुस्तकातल्या एका गोष्टीत तर नुसते हातमोजे पिस्तूल उचलून गोळी झाडतात. हातमोज्यांच्या आत माणूसच नाही! यामागं आरशाची करामत आहे. ती करायला लागलेल्या वेळात एखाद्यानं एमएससी केलं असतं. दुसऱ्या गोष्टीत चोरलेल्या नोटा एका खोलीतून गायब होतात. पोलीस फरशी उकरतात, भिंती ठोकून बघतात. नोटा असतात खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये. तो सगळ्यांना दिसतो, म्हणून कोणाच्याच लक्षात येत नाही. (ऐंशी वर्षांपूर्वीचं गुपित फोडल्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.) हे वाचून मी ताबडतोब घरातल्या कुलरकडे पाहिलं. विदर्भात कुलर हा घरातला सदस्य आहे. उन्हाळ्यात तो बोलतो आणि हिवाळ्यात जुनी चादर पांघरून खिडकीत झोपतो. त्यात काही ठेवलं तर कर्नललाही सापडणार नाही, असं मी घरात म्हणालो. बायको म्हणाली, “त्यात मी दिवाळीपासून चांदीचा करंडा ठेवून राह्यली. तुमाले आत्ता दिसला का?” हे तिनं सांगायला नको होतं. अशक्य गुन्ह्याची एक संधी सावनेरनं गमावली.

अशा अशक्य गुन्ह्याची पहिली कथा एडगर ॲलन पोची मानतात, १८४१ची. पॅरिसमधल्या बंद खोलीत दोन बायकांचा खून, आणि खुनी निघतो खिडकीतून आलेला ओरांगउटान. पॅरिस थक्क झालं. आमच्या आळीत कोणी ढिम्म हललं नसतं. इथं स्वयंपाकघरात काहीही झालं तरी पहिला संशय वानरावरच जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. १८९२मध्ये कॉनन डॉयलनं आणखी पुढची मजल मारली. त्याच्या डॉक्टर रॉयलॉटनं बंद खोलीतल्या पोरीला मारायला हिंदुस्थानातून एक साप नेला. तो साप बशीतलं दूध पितो, शिट्टी ऐकून परत येतो आणि घंटीची दोरी चढतो-उतरतो. साप शिट्टी ऐकत नाही आणि दूध ही त्याची आवड नव्हे, असं सर्पमित्र सांगतात. पण आपण नागपंचमीला वर्षातून एकदाच दूध ठेवतो, डॉक्टरनं रोज ठेवलं. श्रद्धेत फरक असतोच.

आता कोणी म्हणेल, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. नावावरून रशियन वाटतो, पण जन्म लंडनचा. त्याच्या आईची मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली, जिच्यावरून पुढं ‘द किंग अँड आय’ झालं. या बाईंनी जन्मभर आपण वेल्समध्ये जन्मलो असं सांगितलं. प्रत्यक्षात त्या १८३१मध्ये अहमदनगरात जन्मल्या आणि त्यांचं लग्न पुण्यात झालं. १९१५मध्ये त्या वारल्या, त्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ हे कोणाला कळलं नव्हतं. म्हणजे बाईंनी एक आख्खं अहमदनगर, भुईकोट किल्ल्यासकट, नाहीसं करून दाखवलं. कर्नल मार्चच्या खात्याला शोभेल असं प्रकरण कर्नलच्याच आजोळी होतं. आता त्या शहराचं नावही अहिल्यानगर झाल्यामुळे पुढच्या संशोधकांचं काम आणखी रंगतदार होईल.

मालिका करणाऱ्यांनीही अदृश्य होण्याची कला अवगत केली होती. निर्मात्या हॅना वाइनस्टाइन यांनी हॉलिवूडच्या काळ्या यादीतल्या लेखकांना लंडनमध्ये खोट्या नावानं काम दिलं. पडद्यावर अदृश्य माणूस, कागदावरही अदृश्य माणूस. फक्त मानधन दृश्य.

आपल्याकडं अशक्य गुन्ह्यांचं हे पीक का आलं नाही, याचा मी विचार केला आहे. प्रयत्न कमी पडले असं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड हे नायक घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या कथा लिहिणाऱ्याला एकेका दारावर फार वेळ घालवता येत नाही. मग दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ आली, त्यात शिवाजी साटम होते. याच जोडीनं १९९८मध्ये ‘सीआयडी’ आणली. तिथं या कलेचा घात झाला. इंग्रज अधिकारी बंद दारापुढं उभा राहून विचार करतो. किल्ली आतून कशी फिरली? कडीला ओरखडा का? ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न नुसतं दयाकडं बघतात आणि दया दार तोडतो. वीस वर्षं एका माणसानं दारं तोडल्यावर त्या देशात दार आतून कसं बंद झालं हे विचारणार कोण? पुरावाच चौकटीसकट आत पडलेला.

शेजारचे काकाजी मालिका बघायला दोन रात्री माझ्याकडं आले. दुसऱ्या रात्री खुन्यानं खोटी भिंत कशी उभारली ते कर्नल समजावून सांगत होता, तेव्हा ते उठले. “इतका खटाटोप कायले करून राह्यला बे हा? दार उघडं ठेवलं असतं त कोनाले समजलं असतं?” मी त्यांना चहा दिला. अशा माणसांमुळेच कलेची वाढ खुंटते.

तरी माझ्या घरी एकदा खरोखरच अशक्य गुन्हा घडला होता. आम्ही लग्नाला गेलो होतो. परत आलो तर दाराला कुलूप जसंच्या तसं, खिडक्या बंद, कौलं जागच्या जागी, आणि स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर नाही. मी अक्षरशः थरारलो. घराभोवती दोनदा फिरलो. ओरखडे शोधले, धागा शोधला. वानर सिलिंडर नेत नाही हेही मनाशी पडताळून पाहिलं. आमच्या आळीत असं कधी घडलं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, कशालाही हात लावू नको. मग पोलीस आले. त्यातल्या एकानं कुलूप पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, “किल्ली कुठं ठेवता?”

तुळशीच्या कुंडीखाली, मी म्हणालो. त्यानं कुंडी तिरकी केली. किल्ली तिथंच होती.

प्रकरणाचा छडा दीड मिनिटात लागला. कर्नलनं यावर किमान पंचवीस मिनिटं घेतली असती आणि आम्हा सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं असतं. मला त्या चोराचा मात्र आदर वाटतो. जाताना त्यानं पुन्हा कुलूप लावलं, किल्ली होती तिथंच ठेवली. एवढा घाम गाळायची त्याला काही गरज नव्हती. सावनेरच्या मातीत थोर खुनी नाही तरी थोर चोर निपजू शकतो, याचा हा एकमेव पुरावा माझ्याकडं आहे.

किल्ली आम्ही आता कुंडीखाली ठेवत नाही. मीटरच्या पेटीत ठेवतो.